एकदाच निवडून आलेले चिंतामणराव

राज्यशास्त्राच्या तासाला यंदा आम्हांला एक स्वाध्याय मिळाला. आपल्या भागातून निवडून गेलेल्या एखाद्या लोकप्रतिनिधीची माहिती जमवायची. तो किती निवडणुका लढला, किती जिंकला, किती हरला आणि सभागृहात त्याने कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूने मत दिले, हे सारे एका तक्त्यात मांडायचे. वर्गातील बहुतेकांनी दि. बा. पाटलांचे नाव घेतले. ते साहजिकच होते. कळंबोलीत राहून दि. बां.ची आठवण न होणे कठीण. पनवेलमधून पाच वेळा विधानसभा आणि दोनदा लोकसभा. त्यांचा तक्ता भरगच्च झाला.

मी निवडलेल्या माणसाचा तक्ता मात्र दोन ओळींत संपला. १९५२, लोकसभा, विजयी. १९६९, राष्ट्रपतिपद, पराभूत. मतांचा रकाना तर जवळजवळ कोराच राहिला. मित्रांनी थट्टा केली, की असा रिकामा तक्ता दाखवून गुण कसे मिळायचे? त्या कोऱ्या रकान्याबद्दल थोडे सांगावे, म्हणून हा लेख लिहीत आहे. तो माणूस म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख, स्वतंत्र भारताचे एक नामवंत अर्थमंत्री आणि आपल्या कुलाबा जिल्ह्याचे लोकसभेतील प्रतिनिधी.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यातील नाते या गावी, रायगड किल्ल्याच्या परिसरात झाला. वडील वकील होते. मुलगा लहानपणापासून विलक्षण हुशार. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्याने निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिला क्रमांक त्याचाच होता. संस्कृत, वनस्पतिशास्त्र आणि राज्यकारभार या तिन्ही क्षेत्रांत एकच मुलगा पहिला, हे वाचून आपल्यासारख्यांना जरा दडपणच येते.

त्या काळी सरकारी नोकरी म्हणजे परक्यांची चाकरी. हा विचार तरुण चिंतामणरावांच्याही मनात आला होता. लोकमान्य टिळक तेव्हा इंग्लंडात होते. नोकरी सोडून देशकार्याला लागावे काय, हे विचारायला ते लोकमान्यांकडे गेले होते, असे सांगतात. लोकमान्यांनी त्यांना नोकरीत राहून राज्यकारभाराचा अनुभव घेण्याचा सल्ला दिला. उद्या स्वराज्य आले की तो अनुभव लागणारच होता. चिंतामणरावांनी तो मानला आणि मध्यप्रांत व वऱ्हाडात सुमारे वीस वर्षे नोकरी केली. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते बँकेचे गव्हर्नर झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. इंग्रज राजाचे चित्र असलेल्या नोटांवर एका कोकणी माणसाची सही झळकू लागली. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटनवुड्स येथे जी परिषद भरली व जिच्यातून जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या संस्था जन्मल्या, त्या परिषदेला गेलेल्या भारताच्या शिष्टमंडळातही ते होते. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा गव्हर्नर तेच होते.

येथवरचे चरित्र एका थोर अधिकाऱ्याचे आहे. निवडणूक, मतदार, सभा, मिरवणूक यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. राजकारणात ते आले तेही निवडणुकीच्या वाटेने नव्हे. १९५० साली नियोजन मंडळ स्थापन झाले आणि ते त्याचे सदस्य झाले. तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मथाई यांना या मंडळाचे अधिकार मान्य नव्हते. त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी पंडित नेहरूंनी चिंतामणरावांना आणले. एकाच्या तत्त्वनिष्ठ राजीनाम्यामुळे रिकाम्या झालेल्या खुर्चीवर ते बसले. पुढे तीच खुर्ची त्यांनी स्वतः कशी रिकामी केली, हे पाहताना हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१९५२ साली देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली. मतदारांपैकी बहुसंख्य लोक निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढेच. चिंतामणराव कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या बैलजोडीवर उभे राहिले. त्या वेळी त्यांचे वय ५६ होते आणि आयुष्यातील ती पहिलीच निवडणूक. आपला पनवेल तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. आज जेथे लोखंड बाजार आहे, ट्रकांच्या रांगा आहेत, सिडकोच्या इमारती आहेत, तेथे भातखाचरे होती. केंब्रिजमध्ये शिकलेला, दिल्लीत अंदाजपत्रक मांडणारा हा माणूस, आणि त्याला मत देणारे आगरी, कोळी, कुणबी शेतकरी. दोघांच्या जगण्यात केवढे अंतर! पण तो माणूस याच मातीतला होता. कुलाब्याने त्याला निवडून दिले.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी केलेले काम आजही आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. १९५१ पासून १९५६ पर्यंतची अंदाजपत्रके त्यांनी मांडली. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकिर्दीत राबवली गेली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ चा कंपनी कायदा त्यांनीच संसदेत पुढे नेला. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघून आयुर्विम्याचा धंदा सरकारच्या ताब्यात आला. देशी, परदेशी आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ विमाघरे एका निर्णयाने सरकारकडे आली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. घरात विम्याचा हप्ता भरणारे आपले वडील किंवा स्टेट बँकेत खाते असणारे आपण स्वतः, चिंतामणरावांचे नाव न घेताही त्यांच्या कामाचा लाभ घेत असतो.

आता मतांच्या रकान्याकडे येऊ. लोकसभेत बहुतेक प्रश्न आवाजी मतदानाने निकालात निघतात. मतविभाजन झाले तरच कोणी कोठे मत दिले याची नोंद राहते. त्यातही मंत्र्याची गोष्ट वेगळी. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. निर्णय होईपर्यंत मंत्र्याने आतल्या बैठकीत हवा तेवढा वाद घालावा. निर्णय झाला की तो सर्वांचा. सभागृहात मंत्री सरकारच्या विरुद्ध मत देऊ शकत नाही. म्हणजे मंत्र्याच्या मतांचा तक्ता कोणी मांडला तर प्रत्येक ओळीत सरकारच्या बाजूने हे एकच उत्तर लिहावे लागेल. त्यावरून त्या माणसाचे मन कळणार नाही. मंत्र्याला विरोधी मत द्यायचे असेल तर एकच मार्ग उरतो. आधी खुर्ची सोडायची. राजीनामा हीच त्याची मतपत्रिका.

तशी वेळ १९५६ साली आली. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या अखेरीस आला. त्याने गुजरात व मुंबईसह महाराष्ट्राचे द्विभाषिक राज्य सुचवले आणि विदर्भ वेगळा ठेवला. मराठी जनतेला ते पटले नाही. त्यावर तोड म्हणून महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशी तीन राज्ये करण्याचा विचार पुढे आला, आणि असंतोष अधिकच भडकला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर केले, आणि पुढचे काही दिवस मुंबईच्या रस्त्यांवर रक्त सांडले. या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. हुतात्मा चौकातील स्मारक आपण सर्वांनी पाहिले आहे.

तारखा नीट पाहा. विम्याचा वटहुकूम निघाला तो १९ जानेवारीला. त्याच आठवड्यात मुंबईत गोळीबार चालू होता. एका हाताने देशाच्या आर्थिक इतिहासातील एक मोठा निर्णय अमलात आणायचा आणि त्याच वेळी आपल्याच सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी आपली माणसे पडल्याच्या बातम्या ऐकायच्या, अशी चिंतामणरावांची अवस्था होती. त्यांनी जानेवारीतच राजीनाम्याची तयारी दाखवली. पंडितजींनी त्यांना थांबायला सांगितले. प्रश्नावर काही मार्ग निघेल अशी आशा होती. ते थांबले. पुढचे अंदाजपत्रकही त्यांनी मांडले. मात्र जूनच्या आरंभी पंडितजींनी मुंबईतच पुन्हा जाहीर केले, की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील आणि मग लोकांचे मत अजमावले जाईल. आता थांबण्यात अर्थ उरला नव्हता. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि २५ जुलैला लोकसभेत त्यांनी आपले निवेदन केले.

या निवेदनात दोन मुख्य तक्रारी होत्या. एक म्हणजे मुंबईसंबंधीचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला. दुसरी अशी, की इतकी माणसे गोळीबारात मेली तरी सरकारने न्यायालयीन चौकशी केली नाही. महाराष्ट्राविषयी आकस आहे, असेही त्यांनी सुचवले. ते शब्द पंडितजींना लागले आणि त्यांनी त्याला उत्तरही दिले. दोघांचा परस्परांविषयीचा आदर मोठा होता. चिंतामणराव आणि दुर्गाबाई यांचा १९५३ साली विवाह झाला तेव्हा पंडितजी त्याला साक्षीदार होते. अशा माणसापुढे उभे राहून भर सभागृहात आपण चुकलात असे सांगणे सोपे नसते.

पहिली तक्रार आपल्याला, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, विशेष महत्त्वाची वाटली पाहिजे. सामुदायिक जबाबदारीचा नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. मंत्र्याने बाहेर विरोध करायचा नसेल तर आत त्याचे मत विचारले गेले पाहिजे. आत विचारायचे नाही आणि बाहेर बोलायचे नाही, अशी स्थिती आली की मंत्री हा केवळ सही करणारा कारकून उरतो. चिंतामणरावांचे भांडण मुंबईसाठी होते, तसेच ते मंत्रिमंडळाच्या या रीतीसाठीही होते.

येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. जानेवारीत माणसे मेली आणि राजीनामा जुलैत आला. मधले सहा महिने मंत्री म्हणून ते सरकारच्याच बाजूला होते. राजीनाम्यानंतरही ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे पुढारी झाले नाहीत. प्रल्हाद केशव अत्रे, श्रीपाद अमृत डांगे, एसेम जोशी सभा गाजवत होते, तेव्हा चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी गेले होते. ज्यांनी तुरुंगवास भोगला, ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांच्या त्यागाशी मंत्रिपदाच्या त्यागाची तुलना होऊ शकत नाही. आमच्या वर्गातील एकाने हा आक्षेप घेतला आणि मला तो बराचसा मान्य आहे.

तरीही दुसरी बाजू आहेच. चळवळ रस्त्यावर होती, आणि तिच्याविषयी दिल्लीत काय काय सांगितले जात होते! हे मूठभर गुंडांचे काम आहे, विरोधी पक्षांनी पेटवलेली आग आहे, असे म्हणणे सोपे होते. देशाचा अर्थमंत्री, जो कोणत्याही चळवळीतून आलेला नाही, ज्याला मतांची लालसा नाही, ज्याने मुंबईचा पैसा आणि व्यापार आतून पाहिला आहे, तोच जेव्हा हा निर्णय अन्यायाचा आहे असे म्हणतो, तेव्हा तसे म्हणणे सोपे राहत नाही. जेथे दुसऱ्या कोणाचा आवाज पोचला नसता तेथे त्यांचा पोचला. आणि हा आवाज त्यांना कोणी दिला? कुलाब्याच्या मतदारांनी. ते नुसते अधिकारी असते तर त्यांना मुकाट्याने निवृत्त व्हावे लागले असते. लोकसभेत उभे राहून निवेदन करण्याचा अधिकार १९५२ च्या त्या मतपेट्यांतून आलेला होता.

कुलाब्याला या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको होते. कोकणातील घराघरांतून माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत. महिन्याला मनिऑर्डर आली की घरची चूल पेटायची. मुंबई केंद्राकडे गेली असती तर खाडीच्या पलीकडे एक कारभार आणि अलीकडे दुसरा झाला असता. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभारली. मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे शहर वसवायची ती योजना दोन वेगळ्या राज्यांत कशी आखली गेली असती, कोण जाणे. कळंबोलीत आज सातारा, सांगली, नगर, बीड अशा सगळीकडच्या माणसांची घरे आहेत. या वसाहतीने येथल्या भूमिपुत्रांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, हा मोठा आणि दुखरा विषय आहे. पण तो झगडाही मराठी माणसांना आपल्याच विधानसभेत, आपल्याच भाषेत मांडता आला, हे विसरता येत नाही.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये तीन राज्यांची योजना मागे पडली आणि विशाल द्विभाषिक राज्याचा निर्णय झाला. १ नोव्हेंबरला ते अस्तित्वात आले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्र ढवळून काढला. कुलाब्याची लोकसभेची जागा काँग्रेसच्या हातून जाऊन शेतकरी कामगार पक्षाकडे आली. त्याच वर्षी पनवेलमधून दि. बा. पाटील नावाचा तरुण वकील पहिल्यांदा विधानसभेत गेला. चिंतामणरावांचा कोरा रकाना आणि दि. बां.चा भरगच्च तक्ता येथे एकमेकांना भेटतात. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

चिंतामणराव १९६१ पर्यंत अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना अनुदान देणाऱ्या या आयोगाचे नाव आपण सूचनाफलकावर नेहमी वाचतो. तो कायद्याने उभा राहिला तेव्हा त्याची घडी त्यांनी बसवली. नंतर १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्कृताचे प्रेम त्यांनी शेवटपर्यंत जपले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले आणि स्वतः संस्कृतात कविताही केल्या.

दुसरी आणि शेवटची निवडणूक त्यांनी वयाच्या ७३ व्या वर्षी लढवली. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसमध्ये फूट पडण्याची वेळ आलेली. एकीकडे पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, दुसरीकडे इंदिरा गांधींचा पाठिंबा असलेले व्ही. व्ही. गिरी. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणरावांना उभे केले. पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ असे झाले. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नव्हती. म्हणून मागे राहिलेल्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मते वाटली गेली. त्यातली बहुतेक रेड्डींकडे गेली, तरी शेवटी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. भारताच्या राष्ट्रपतिपदाची इतकी चुरशीची निवडणूक दुसरी झालेली नाही. चिंतामणराव हरले. पण निकाल पहिल्या फेरीत लागला नाही याला त्यांना मिळालेली मते हे मोठे कारण होते.

१९७५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले. त्याआधीच कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते. ज्या किल्ल्याच्या परिसरात ते जन्मले, त्याचेच नाव त्यांच्या जिल्ह्याला मिळालेले त्यांनी पाहिले. ज्या कुलाबा मतदारसंघाने त्यांना निवडून दिले, तो त्या नावाने आता उरलेला नाही. आपले पनवेल तर २००८ च्या फेररचनेपासून घाटावरच्या मावळ लोकसभा मतदारसंघात मोडते.

स्वाध्याय देण्याच्या आदल्या रात्री मी तो तक्ता पुन्हा पुढे घेतला. निवडणुका दोन, विजय एक. मतांच्या रकान्यात काय लिहावे हे बराच वेळ सुचत नव्हते. शेवटी मी तारीख लिहिली: २५ जुलै १९५६. त्यापुढे एवढेच लिहिले, की या दिवशी त्यांनी मतदारांनी दिलेल्या जागेवर उभे राहून आपल्याच सरकारविरुद्ध मत दिले आणि त्याची किंमत आधीच चुकती केली होती. सरांनी तक्ता पाहिला. रकाना अपुरा आहे असे ते म्हणाले नाहीत.

आपण सारे मतदार झालो आहोत किंवा लवकरच होऊ. उमेदवाराने किती निवडणुका जिंकल्या हे आपण विचारतोच. त्याच्याजवळ एखादी तरी अशी तारीख आहे काय, हेही विचारायला शिकले पाहिजे.